सबल घेऊन या

सरकारी कागदातलं मराठी आणि जांभगव्हाणातलं मराठी यांचं आपसात बोलणं बंद होतं, आणि दोघांच्या मधे निरोप्या म्हणून देवमन कोतवाल उभा होता. गाव तेल्हारा तालुक्यातलं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. कचेरीतून हुकूम यायचा, सरपंच खुशालराव तो वाचायचे, आणि देवमन गळ्यात डफडं अडकवून गल्लोगल्ली दवंडी द्यायचा. कागदात लिहिलेलं जसंच्या तसं ओरडलं तर कुत्रंसुद्धा वळून पाहत नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून अवघड शब्द आला की तो मनातल्या मनात घोळवायचा, त्याच्या आसपासचा गावातला शब्द शोधायचा आणि तोच ठणकावून सांगायचा. यात कधीमधी ध चा मा व्हायचा. पण झालेला मा सुद्धा तो इतक्या खात्रीनं सांगायचा की लोक यायचे, आणि लोक आले की साहेब खूश व्हायचे.

ती वर्षं दोन हजार पाच-सहाची. कापसाला कोणी विचारत नव्हतं. विहिरीचं पाणी पिकाला सोसत नव्हतं, माणसाला तर त्याहून नाही. दिवाळी झाली की धडधाकट माणसं गुजरातेत कापसाच्या जिनिंगवर कामाला जायची. वऱ्हाडातल्या मरणांची बातमी दिल्लीपर्यंत पोचली, तेव्हा तिकडून जीपगाड्या निघाल्या. आता जीपगाडीतून पाऊस आणता येत नाही आणि भावही आणता येत नाही. मग जे आणता येतं ते आलं. कोणी गावाला हसायला शिकवायला आलं, कोणी श्वास घ्यायला. एका संस्थेनं तर प्रत्येक उंबऱ्यापाशी झेंडूचं रोप लावून दिलं, कारण पिवळा रंग पाहून मनाला बरं वाटतं असं कुठेतरी सिद्ध झालं होतं. माणसांचं माहीत नाही, शेळ्यांना चार दिवस बरं वाटलं.

एकदा शेतकऱ्यांसाठी 'तणावमुक्ती शिबिर' आलं. देवमनला तणाव ठाऊक नव्हता, तण ठाऊक होतं. त्यानं दवंडी दिली की तणाचा नायनाट करायला डॉक्टर येऊन राहिले, ज्याच्या वावरात तण माजलं त्यानं हजर राहावं. अख्खं गाव लोटलं. मनाच्या आजारांचे डॉक्टर अकोल्याहून आले होते. त्यांनी एका म्हाताऱ्याला हळुवार आवाजात विचारलं, हा त्रास कधीपासून आहे? म्हातारा म्हणाला, मिरगापासून. रात्री जास्त जाणवतो का? रातच्याले कोन निंदाले जाते, साहेब. असं बराच वेळ चाललं. शेवटी डॉक्टर म्हणाले की नुसतं वरवर बघून भागत नाही, मुळाशी जावं लागतं, आणि सगळ्या गावानं माना डोलावल्या, कारण हरळीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. त्या शिबिराला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला. देवमनला वाटलं, आपण बरोबरच ऐकलं होतं.

मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की या सगळ्यात घरातल्या पोरी राहूनच गेल्या. झालं, पोरींसाठी 'उमलत्या कळ्या' नावाचा उपक्रम निघाला. तो चालवणाऱ्या मॅडम जिल्ह्याच्या गावाहून यायच्या. बाई मनानं वाईट नव्हती. पोरींची नावं तिला तोंडपाठ होती, कोणी आजारी असली तर स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात न्यायची. फक्त तिला रविवारी सुट्टी असायची. त्यामुळे कळ्यांना उमलायचं ते शाळेच्या दिवशीच उमलावं लागे.

देवमनची नात अपेक्षा या कळ्यांची अध्यक्ष. दहावीला होती, रोज एसटीनं तेल्हाऱ्याच्या शाळेत जायची. सकाळी दप्तर घेऊन ती थांब्यावर उभी राहिली की मागून आजोबाचं डफडं वाजायचं, सगळ्या पोट्ट्यांनी, म्हणजे पोरींनी, पटांगणात जमावं म्हणून. खुद्द आजोबाच हाळी देतोय म्हटल्यावर नात जाते कुठे? ती परत फिरायची. वर्षभरात ती पाणी गाळायला शिकली, मेणबत्त्या ओतायला शिकली, कोणी मागून धरलं तर कोपर नेमकं कुठे हाणायचं ते शिकली, आणि न अडखळता आभारप्रदर्शन करायला शिकली. आत्मविश्वास पुष्कळ आला. वर्गसमीकरणं तेवढी राहिली.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. अपेक्षाचे आईबाप गुजरातेत जिनिंगवर होते. दिवाळीनंतर निघताना बाप धर्मपालनं साफ सांगितलं होतं, पोरगी एका दमात दहावी पास झाली तर अमरावतीला आत्याकडे राहून पुढे शिकेल, आणि नापास झाली तर पुढच्या दिवाळीला आमच्यासोबत जिनिंगवर. धर्मपाल काही कसाई नव्हता. वयात आलेली पोर म्हाताऱ्याच्या भरवशावर आणखी किती दिवस ठेवायची, ही त्याची भीती. देवमनच्या घरात निळ्या चौकटीची तसबीर होती, आणि शिकायचं की नाही हा प्रश्न त्या तसबिरीखाली बसून विचारता येत नव्हता. जिनिंगच्या धुळीत खोकणारी अपेक्षा डोळ्यांसमोर आली की त्याचा घास तोंडातच राहायचा. पण दवंडी द्यायची नाही तर मग कोतवाल कशाचा, हेही त्याला कळत होतं. असा तो स्वतःच्याच नातीला स्वतःच्याच तोंडानं शाळेतून परत बोलवत राहिला, आणि मार्च उजाडला.

आठ मार्चला महिला दिन. दहावीची परीक्षा त्याच्या मागोमाग. मॅडमचा फोन आला तेव्हा खुशालराव पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढले, कारण गावात रेंज तेवढीच होती. फोन कानाला लावून ते वरून एकेक शब्द खाली देवमनला ओरडून सांगू लागले. मॅडम सांगत होत्या त्याचा अर्थ एवढाच की गावात किशोरी सबलीकरण मेळावा आहे, प्रत्येक मुलगी सबल झाली पाहिजे, मातांनी मुलींसह यावं आणि पाहुण्यांच्या स्वागताला दोन रांगांत उभं राहावं. वारा सुटला होता. खाली पोचलं ते असं, मुली, माता, सबल, दोन रांगा, आठ तारीख.

पुस्तकात सबल म्हणजे बलवान. वऱ्हाडात सबल म्हणजे पहार, खड्डा खणायची, दगड उलथायची, पुरुषभर उंचीची लोखंडी पहार. देवमननं शब्द मनात घोळवला आणि त्याला लख्ख उजेड पडला. रोजगार हमीचं काम निघालं! दोन रांगांत उभं करून हजेरी घेतील, आणि खणायला लावतील. बायांसाठी वेगळं काम निघावं म्हणून गाव किती दिवस ओरडत होतं. त्यानं एवढ्या आनंदानं दवंडी आजवर दिली नव्हती.

"ऐका ओ ऐका! आठ तारखेले सकाळी पटांगनात समद्या बायांनी आन् पोट्ट्यांनी आपापली सबल घेऊन या. नसन त्यानं शेजाऱ्याची मांगून आना. दोन रांगांत उभं राहा लागते होऽ!"

हलीमाबी दारात आली. तिचा नवरा मुनव्वर विहिरी खणायचा. गावातल्या विहिरी खाऱ्या झाल्यापासून नवी विहीर कोणी खणत नव्हतं, आणि मुनव्वरची सबल दाराआड गंजत उभी होती. काम नक्की निघालं का, असं तिनं दोनदा विचारलं. सरपंचानं टाकीवरून सांगितलं, देवमन म्हणाला. एवढ्या उंचावरून सांगितलेलं खोटं कसं असेल? हलीमाबीनं सबल दाराआडून काढली, राखेनं घासली आणि रुबीनाला, आपल्या पोरीला, एक हलकी सबल शेजारून आणून दिली.

आठ तारखेला पटांगणाकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया आणि पोरी रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात सबल. ऊन चढत होतं, लोखंड चमकत होतं. अध्यक्ष म्हणून अपेक्षा सगळ्यांच्या पुढे, एका हातात ओवाळायचं ताट आणि दुसऱ्या हातात सबल. ताट कशाला आणि सबल कशाला हे तिलाही कोडंच होतं, पण वर्षभरात तिनं याहून विचित्र गोष्टी हातात धरल्या होत्या. खुशालराव नेमके पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले होते.

जीप वळणावर आली. त्या महिन्यातच कुठल्याशा गावात कापूस खरेदीवरून लोकांनी साहेबांना कोंडून ठेवल्याची बातमी सगळ्या जिल्ह्यात फिरत होती. ड्रायव्हरनं समोरचं दृश्य पाहिलं आणि विचारबिचार न करता गाडी मागं घेतली. मागं पाटाचा कोरडा चर होता. जीपची मागची चाकं चरात गेली आणि तोंड आभाळाकडे झालं.

आता पाहुणे अडचणीत आहेत म्हटल्यावर वऱ्हाडातली बाई हातावर हात ठेवून उभी राहत नाही. सगळ्याच्या सगळ्या बाया सबली उचलून जीपकडे धावल्या. आतून काय दिसलं असेल ते आपण समजू शकतो. काचा भराभर वर गेल्या. हलीमाबीनं सबलीचं टोक काचेवर टकटक वाजवलं, जरा एका बाजूला सरकून बसा म्हणून सांगायला. आत प्रमुख पाहुण्यांनी दोन्ही हात वर केले. मग हलीमाबीनं वेळ घालवला नाही. चाकाखाली सबली घातल्या, पोरींना कुठे जोर द्यायचा ते दाखवलं, आणि या अल्ला म्हणत सगळ्यांनी मिळून पाहुण्यांसकट, मॅडमसकट, शाली-नारळांसकट ती जीप चरातून वर काढून रस्त्यावर ठेवली. मुली सबल झाल्या होत्या यात काही शंका नव्हती, पण पाहायला कोणी थांबलं नाही. चाकं जमिनीला लागताच गाडी जी सुटली ती थेट फाट्याच्या पलीकडे.

बाया पदरानं घाम पुसत उभ्या राहिल्या. मग हलीमाबीनं देवमनला विचारलं की काम कुठे आहे. तेवढ्यात जीपच्या मागं पडलेले खुशालराव फटफटीवरून धापा टाकत आले आणि सबल या शब्दाचा पुस्तकातला अर्थ सांगून चुकले. कोणी हसलं नाही. बाया सबली खांद्यावर टाकून घरी गेल्या, आणि त्यांच्या पाठी बघून देवमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी भाकरी बांधून आणलेल्या होत्या त्यांनी. त्या तशाच परत गेल्या.

दोन दिवसांनी त्याला कचेरीत चौकशीला बोलावलं. साहेब समजूतदार होते, तालुक्यात बरीच वर्षं काढलेले. सबल म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते मॅडमना आधीच समजावलं असावं, कारण मॅडमही आता रागात नव्हत्या. त्यांना उलट हसूच येत होतं. साहेबांनी सांगितलं, ऐकण्यात चूक झाली एवढं म्हणा, समज देऊन सोडून देतो. देवमनचा जीव भांड्यात पडला. खरं तेवढंच तर सांगायचं होतं.

मग मॅडम म्हणाल्या की पाहुण्यांचीही समजूत पटली आहे, मेळावा आता पंधरा तारखेला घेऊ. आणि अपेक्षा हवीच. तिला जिल्ह्याचा पुरस्कार द्यायचा आहे, शाळा न सोडणारी आदर्श किशोरी म्हणून.

देवमन हळूच म्हणाला की पंधरा तारखेला पोरीचा गणिताचा पेपर आहे.

मॅडमना खरंच वाईट वाटलं. पण पाहुण्यांना दुसरी तारीख नव्हती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या की पेपर काय, ऑक्टोबरमध्येही देता येतो. पुरस्कार काही पुन्हा पुन्हा मिळत नाही. ही थट्टा आहे का, म्हणून देवमननं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. बाई मनापासून बोलत होती. तो नाही म्हणू शकला असता, पण नाही म्हणून काय होणार होतं? पंधरा तारखेला गाडी घरासमोर उभी राहिली असती, खुशालरावांनी गावाच्या इज्जतीची गोष्ट काढली असती, आणि अपेक्षा वर्षभर जशी परत फिरली तशीच परत फिरली असती.

साहेबांनी पेन उघडलं. "तर मग लिहू ना? ऐकण्यात चूक झाली?"

"नाई साहेब," देवमन म्हणाला. "चूक नव्हती. मी मुद्दाम सांगतलं."

साहेबांचा हात थांबला. "मुद्दाम? काहून?"

"गाड्या वापस जावा म्हनून."

साहेबांनी पेन बाजूला ठेवलं. पोटावर पाय येईल, कोतवालकी जाईल, कळतं का काय बोलून राहिले, असं त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं समजावून पाहिलं. त्यांना देवमनला वाचवायचं होतं, आणि देवमन वाचायला तयार नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, पुन्हा मेळावा ठेवला तर काय करशील?

"तं पुन्हा सबली बलावीन. या खेपेले कुऱ्हाडीबी."

मॅडमचं तोंड उतरलं. माझं काय चुकलं तुमच्या गावाशी, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवमनला फार लागलं ते. या बाईनं अपेक्षाला तापात गाडीनं नेलं होतं, रात्रभर उशाशी बसली होती. तिला काय सांगणार?

कोतवालकी गेली. डफडं कचेरीत जमा झालं. जांभगव्हाणच्या नावापुढे 'संवेदनशील' असा शेरा बसला आणि जीपगाड्या यायच्या बंद झाल्या. पंधरा तारखेचा मेळावा बाळापूरकडच्या एका गावात हलवला गेला आणि तिथल्या एका मुलीला आदर्श किशोरीचा पुरस्कार मिळाला. ती कोणता पेपर सोडून आली होती, हे कोणी विचारलं नाही.

गावात मात्र भलतंच झालं. देवमननं मुद्दाम जीप पळवून लावली ही बातमी पारावर पोचली, आणि ज्या म्हाताऱ्यांनी आजवर त्याला बस म्हटलं नव्हतं ते उठून जागा देऊ लागले. साहेबाच्या तोंडावर बोलला म्हणे, कुऱ्हाडी आणीन म्हणे. हॉटेलवाला चहा पाजू लागला. टाकीवरून निरोप ओरडणाऱ्या खुशालरावांना सगळं खरं ठाऊक होतं, पण गाव एवढं म्हणतंय तर असेलही मुद्दाम, असं त्यांनाही वाटायला लागलं. मी तर सबलीकरण असंच स्पष्ट सांगितलं होतं, असं ते सांगत सुटले. न केलेल्या पराक्रमाचा चहा देवमनच्या घशाखाली उतरत नव्हता.

आणि बायांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. हलीमाबी एक दिवस दारात आली, आत आली नाही. "देवमनभाऊ, चूक झाली म्हनत होते तवा मी समजून घेतलं," ती म्हणाली. "मुद्दाम केलं तुमी? कामाच्या आशेनं आमाले मुद्दाम उनात उभं केलं?" देवमनच्या ओठांवर खरं आलं होतं. पण हलीमाबीला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळतं, आणि बाजारातून कचेरीत जायला कितीसा वेळ? मॅडमना कळलं असतं तर ती भली बाई पुरस्कार घेऊन धावत आली असती. हलीमाबी निघून गेली आणि त्या दिवसापासून तिच्या घरून यायचं ताक बंद झालं.

पंधरा तारखेला देवमन अपेक्षाला घेऊन एसटीनं तेल्हाऱ्याला गेला. पेपर सुटेपर्यंत तो केंद्राबाहेर लिंबाखाली बसून राहिला. पोरी बाहेर आल्या, त्यांत अपेक्षा शेवटी आली. कसा गेला म्हणून विचारलं तर म्हणाली, दोन प्रश्न सुटले नाहीत, बाकी झाले. पास होईन वाटते. हे ती खाली बघूनच म्हणाली, आणि स्टँडपर्यंत एक शब्द बोलली नाही. चार-पाच दिवस ती अशीच होती. घरात जेवण वाढायची, पाणी द्यायची आणि पुस्तकात डोकं घालायची.

स्टँडवर गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं एकदाचं तोंड उघडलं.

"आबा, मेळावा मोडाचा होता तं मले सांगाचं होतं. मीच गेली नसती. हलीमाखालाले काहून फसवलं? रुबीना माह्याशी बोलत नाई."

देवमननं आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

"म्या कोनाले फसवलं नाई व माय," तो म्हणाला. "मले सबलच आयकू आली. मले वाटलं, काम निघालं. पयल्या खेपेले चुकलोच म्या. साहेबानं इचारलं तवा नाई चुकलो."

अपेक्षा त्याच्याकडे बघतच राहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला, कारण पंधरा तारखेच्या पुरस्काराचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. देवमननं मग तेही सांगितलं, कशाबद्दलचा पुरस्कार तेही. ती आधी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं दप्तरात तोंड लपवलं. देवमनला पाठीवर हात ठेवावा की नाही कळेना, म्हणून तो तिची पाण्याची बाटली धरून बसला.

"घरी गेल्याबराबर खालाले सांगतो मी," ती डोळे पुसत म्हणाली.

"नाई," देवमन म्हणाला. "आनखीन पेपर बाकी हायेत तुह्ये. तवरोक म्या मुद्दामच केलं."